जर्मनचा घट

माझ्या रागाबद्दल आमच्या नातेवाइकांत एकमत आहे. ज्या माणसांचं आमटीत गूळ घालावा की नाही यावरसुद्धा कधी जमलं नाही, त्यांचं निदान एका गोष्टीवर जमतं, तेव्हा थोडं श्रेय मला द्यायला हरकत नसावी. आता मला सगळ्यात जास्त राग कुणाचा येत असेल, तर भलत्या वेळी खरं बोलणाऱ्या माणसाचा. खोटं बोलणारा निदान समोरच्याचा चेहरा बघून बोलतो. खरं बोलणाऱ्याला चेहरे दिसतच नाहीत. असा एक माणूस माझ्या लग्नाच्या आड आला, आणि पंचाईत अशी की लग्न मला त्याच्याशीच करायचं होतं.

संस्थानं जाऊन मध्यभारत राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. माझे वडील भय्यासाहेब जामदार संस्थानच्या उज्जैनच्या भांडेखान्याचे प्रमुख होते, म्हणजे संस्थान होतं तोवर होते. आमचा कुणी पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आला आणि तेव्हापासून आमच्या घराण्याने सरकारी पंगतींची तांब्या-पितळेची भांडी सांभाळली. संस्थान विलीन झालं, पंगती उठल्या, आणि त्या उन्हाळ्यात भांडेखान्यालाही कुलूप लागलं. किल्ल्या देताना भय्यासाहेबांना आठवलं, की आपल्या देवघरात नवरात्राचा जो तांब्याचा घट आहे त्याच्या बुडावरही संस्थानचा शिक्का आहे. नव्या सरकारचा अधिकारी म्हणाला, "रहने दीजिए भय्यासाहब, किसने देखा है?" त्या 'किसने देखा है'ने भय्यासाहेब असे भडकले, की टांगा करून घरी आले, घट उचलला आणि त्याच टांग्याने जाऊन जमा करून आले. अक्का ही त्यांची थोरली विधवा बहीण आणि आमच्या घरातलं खरं सरकार. ती आषाढ संपेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

नवा घट घ्यायचा तर बाजारातला एकही भय्यासाहेबांच्या पसंतीला उतरेना. एक डागी, दुसऱ्याचा गळा वाकडा, तिसऱ्याच्या तांब्यात भेसळ. नवरात्र जवळ येत चाललं आणि देवघरात घटाची जागा रिकामीच.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझं लग्नाचं वय झालंय असं लोक म्हणत, टळलंय असं अक्का म्हणे. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे या विषयावर आमच्या घरात फक्त अक्का बोलत असे आणि भय्यासाहेब वर्तमानपत्र वाचत.

त्या वर्षी मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात प्रभाकर खटावकर नावाच्या माणसाचं व्याख्यान झालं. साताऱ्याकडून कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला नुकताच आलेला, फ्रीगंजमध्ये खोली घेऊन राहणारा. विषय होता 'हलके धातू आणि नवे युग'. लोखंड आणि तांब्या-पितळेचे दिवस संपले, उद्याचं घर, उद्याची गाडी, उद्याचं भांडं सगळं हलकं असणार, असं तो सांगत होता आणि पुढच्या रांगेतले पेन्शनर पेंगत होते. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं त्याने म्हटलं. मी बायकांच्या बाजूने उठून विचारलं, "भांडी इतकी हलकी झाली तर चोरांचीही सोय होईल, नाही का?" सगळा मंडप हसला. तो हसला नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता." मी आजपर्यंत पुष्कळ पुरुषांना पुष्कळ टोमणे मारले होते. त्यातल्या एकाने माझं म्हणणं ऐकून विचारात पडावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. मला तो आवडला. आडपडदा कशाला ठेवायचा, फार आवडला.

पुढे वाचनालयाच्या पायऱ्यांवर आमचं बोलणं होऊ लागलं. आमच्याकडे या वर्षी घट नाही, हेही मी तिथेच बोलून गेले होते.

पितृपक्ष लागला की लग्नाची बोलणी करता येत नाहीत हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्याच्या आदल्या दिवशीच तो आमच्या सिंहपुरीतल्या घरी हजर झाला. एकटाच. बरोबर कुणी वडीलधारं नाही, मध्यस्थ नाही. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"वडील नाहीत," त्याने भय्यासाहेबांना सांगितलं. "आई साताऱ्याला असते. ती म्हणाली, मुलगी तू पाहिलीस तर विचारही तूच. म्हणून आलो. आणि आपल्याकडे घट नाही असं कळलं, म्हणून हा आणला."

भय्यासाहेबांनी घट हातात घेतला. आयुष्यभर तांब्या-पितळेची भांडी उचललेला हात. त्यांनी सवयीचा जोर लावला आणि तो घट थेट त्यांच्या कानापर्यंत वर गेला.

"हे जर्मन आहे!" ते म्हणाले.

"ॲल्युमिनियम," प्रभाकर म्हणाला. "फ्रीगंजच्या दुकानात आलंय. लढाईतली मोडकी विमानं वितळवून केलेलं, म्हणजे विमानाची जात. याला गंज लागत नाही."

"गंज कशाला लागेल?" अक्का आतून म्हणाली. "गंज तर चुलीवर आहे, भात शिजून राहिला त्यात."

आमच्या उज्जैनच्या मराठीत गंज म्हणजे भात-वरणाचं उभट पातेलं. लोखंडावर चढते ती जंग. मी दाराआडून म्हणाले, "जंग, अक्का. जर्मनला जंग लागत नाही म्हणून राहिले ते."

"जर्मनला जंग लागत नाही?" भय्यासाहेबांचा आवाज चढला. "आमच्या देखत दोनदा लागली! आणि दोन्ही दफे हरला तो!"

अक्का बाहेर येऊन घटाकडे बघत राहिली. भय्यासाहेब येरझारा घालू लागले. ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तांबं सांभाळलं, त्याच्या देवीपुढे जर्मनचं भांडं, आणि तेही मुलगी मागायला आलेल्या दक्षिणी मास्तरच्या काखेतून! एरवी त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा काही विश्वास होता, की नुसतं नाही म्हणून त्यांचं समाधान होणार नव्हतं.

"ठीक आहे, प्रोफेसर," ते थांबून म्हणाले. "इतका भरोसा आहे ना तुमचा? यंदा देवीचा घट हाच बसेल. घटस्थापनेला भरलेला घट दसऱ्याला उठवेपर्यंत भरलेला राहिला, तर आमची जयू तुमची. नाही राहिला, तर तुम्ही, तुमचा धातू आणि साताऱ्याची गाडी."

"मान्य," प्रभाकर म्हणाला. मग जरा थांबून, "फक्त थोडं पाणी हवेत उडून जाईल, तेवढं..."

"तेवढं मंजूर," भय्यासाहेब म्हणाले.

मी दाराआड कपाळाला हात लावला. माझं लग्न एका भांड्याच्या बुडावर टेकवून दोन पुरुष समाधानाने पान खात होते.

अक्काला जर्मनचं मुळीच पटत नव्हतं, म्हणून तिने गुरुजींना विचारलं. गुरुजी बराच वेळ विचार करून म्हणाले, की शास्त्र जर्मनच्या बाबतीत गप्प आहे. मनाई नाही, पण शुद्धी करून घ्यावी. राख-चिंचेने चांगला घासावा आणि मग गोमूत्रात बुडवून ठेवावा. अक्काने एवढ्यावर भागवलं नाही. जे करायचं ते करायचं म्हणून तिने सोडा घालून पुन्हा एकदा घासला.

घटस्थापनेच्या सकाळी प्रभाकरला बोलावणं होतं. पाटावर येऊन बसला आणि त्याने घट पाहिला मात्र, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणला तेव्हा झगझगीत असलेला घट आता राखाडी, खरबरीत दिसत होता.

"वर काहीतरी मेणचट होतं, ते सगळं काढलं," अक्का अभिमानाने म्हणाली.

परडीत काळी माती पसरली, तिच्यात धान्य पेरलं, मातीवर पाणी शिंपडलं आणि मधोमध घट ठेवला. पाणी आमच्या आडाचं. आमच्या आडाचं पाणी असं, की त्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. प्रभाकरने विचारलं, "क्षिप्रेचं पाणी नाही का चालणार?" अक्का म्हणाली, "घटाला घरचंच पाणी लागतं." त्याने मान खाली घातली. मग भय्यासाहेबांनी करंडा उघडला, संस्थानचा जाडजूड तांब्याचा पैसा काढला, कपाळाला लावला आणि सुपारीबरोबर घटात सोडला. टण्‌ असा आवाज झाला.

"तांबं नको!" प्रभाकर पाटावरून उठलाच.

गुरुजींचा मंत्र तुटला. अक्काने 'अगबाई' म्हटलं.

"का बरं?" भय्यासाहेब म्हणाले. "घटात पैसा तर घालावाच लागतो. तुमच्या विमानाला एका पैशाची भीती वाटते काय?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने 'छे छे' म्हणून खाली बसावं. प्रभाकर म्हणाला, "हो. वाटते."

"मग तर तो आतच राहू दे," भय्यासाहेब म्हणाले. त्यांना इतकं प्रसन्न मी भांडेखाना बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

घटावर पानं लावली, नारळ ठेवला, नंदादीप लावला. आता दसऱ्यापर्यंत घट जागचा हलवायचा नाही. प्रसाद देण्याच्या निमित्ताने मी प्रभाकरला अंगणात गाठलं.

"काय झालं ते मला समजेल असं सांगा," मी म्हटलं.

"ॲल्युमिनियम हवेत स्वतःवर एक साय धरतं. फार पातळ, डोळ्यांना दिसत नाही. ती आहे तोवर कोरड्या हवेत वर्षानुवर्षं काही होत नाही. अक्कांनी ती राखेने आणि सोड्याने खरवडली. तरी ती परत धरली असती, पण तुमच्या आडाचं पाणी खारं. खाऱ्या पाण्यात सायीला बारीक बारीक भोकं पडतात. आणि आता त्यात तांबं टेकलंय. ओल्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते. तिच्यात झिजतो तो हलका धातू. तांब्याला काहीसुद्धा होत नाही."

"मग विमानं कशी टिकतात?"

"विमानात पाणी भरून वर पैसा टाकत नाहीत," तो म्हणाला. "शिवाय..."

"अजून शिवाय आहे?"

"विमानाच्या पत्र्यात मुळातच थोडं तांबं असतं. त्याने बळकटी येते. पण तोच पत्रा गंजतो लवकर, म्हणून त्यावर शुद्ध धातूचा थर चढवतात. वितळवल्यावर थर आणि पोट एक झालं. म्हणजे शत्रू बाहेरही आहे आणि आतही. हे मला घट घेतल्यानंतर पुस्तकात सापडलं."

"लग्न मागण्याआधी पुस्तक वाचायचं असतं!" मी म्हणाले. त्याने हाही मुद्दा मान्य केला. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

त्याने आणखी एक उद्योग केला. त्याच दुकानातून तसलाच एक पेला आणला, त्याचे तुकडे केले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्यांत ठेवले. एक कोरड्या बरणीत, एक क्षिप्रेच्या पाण्यात, एक आमच्या आडाच्या पाण्यात तांब्याचं नाणं टेकवून. रोज संध्याकाळच्या आरतीला यायचा आणि मागे उभा राहून मला हळूच खबर द्यायचा.

"कोरडा तुकडा उत्तम आहे," दुसऱ्या माळेला म्हणाला.

"आमच्या देवघरात कोरडं काय आहे?"

"क्षिप्रेतल्यावर पांढरे ठिपके आलेत."

"आणि आमचा?"

"तोही आहे," तो म्हणाला. म्हणजे काय, हे मला विचारवेना.

तिसऱ्या माळेला घटाच्या पोटावर पांढरी भुकटी दिसू लागली. अक्काने ती बोटावर घेतली, देवीने अंगारा दिला म्हणून स्वतःच्या कपाळाला लावली आणि माझ्याही. प्रभाकर आरतीला आला, माझ्या कपाळाकडे बघून म्हणाला, "वाईट झालं." त्याच्या प्रेमाच्या बोलण्याची साधारण अशी तऱ्हा होती.

चौथ्या माळेला तो उशिरा, धापा टाकत आला. डोळे चमकत होते. "भोक पडलं!" तो म्हणाला. "फार सुंदर भोक पडलंय. नाण्याच्या कडेला, अगदी गोल!" मग माझा चेहरा त्याला दिसला असावा, कारण तो एकदम मागे सरकला. आरती संपेपर्यंत माझ्याकडे बघण्याची त्याची हिंमत झाली नाही.

मी आरती म्हणत होते आणि मला रडू येत होतं. देवीचं नाही, माझं. अशी स्थळं परत येत नाहीत. म्हणजे स्थळं येतात, विधुर तहसीलदार येतात, मिशीवाले ठेकेदार येतात, पण माझा टोमणा ऐकून विचार करणारा माणूस परत येत नाही. लोक देव पाण्यात घालून बसतात. माझी देवी जागेवर होती आणि पाणीच जाऊन राहिलं होतं.

मी ठरवलं, घट रिकामा होऊ द्यायचा नाही.

घट हलवायचा नव्हता, पण पानांच्या फटीतून पाणी घालता येत होतं. पदराआड तांब्या घ्यायचा, नंदादीपात तेल घालते असं सांगून देवघरात जायचं आणि तेल सोडून पाणी घालायचं. सकाळी शाळेत जायच्या आधी आणि संध्याकाळी आरतीच्या नंतर. पहिल्या दिवशी दहादा मागे वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी इतकी निर्ढावले, की पाणी घालताना देवीला सांगितलंसुद्धा: "तुझंच भांडं आहे, रिकामं राहिलं तर तुझीच शोभा होईल."

गंमत अशी, की घट माझ्या अपेक्षेपेक्षा भरलेला सापडायचा. मी घालायला जावं तर पाणी गळ्याशी. मला वाटलं, देवीलाच हे स्थळ पसंत दिसतंय.

आणि धान काय वाढलं! तांब्याच्या घटाच्या दिवसांत आमच्या परडीत बोटभर पिवळट रोपं यायची आणि आम्ही त्यांनाच छान म्हणायचो. या वर्षी ती सहाव्या माळेला घटाच्या गळ्याला लागली. हिरवीगार, दाट. शेजारच्या बायका बघायला येऊ लागल्या. अक्का एकेकीला हात धरून देवघरात नेई. "देवी प्रसन्न झाली," ती म्हणे. पण मधूनच तिच्या कपाळाला आठी पडे, कारण सातव्या माळेला तिला घटाच्या मातीत चहाची पत्ती सापडली.

"देवीच्या मातीत चहा कसा?" तिने विचारलं.

"उंदीर असेल," भय्यासाहेब वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"उंदीर चहा पिऊन राहिले काय आजकाल?"

"मध्यभारत झालंय," भय्यासाहेब म्हणाले. "काही सांगता येत नाही."

कुठेतरी पाणी मुरत होतं, पण मी माझ्याच तांब्याच्या काळजीत होते.

दसऱ्याला घट उठवायच्या वेळी गुरुजी आले, प्रभाकर आला. मी डोळ्यांनी त्याला बजावलं होतं, की तोंड उघडायचं नाही. त्याला डोळ्यांची भाषा कळत नव्हती. तो भय्यासाहेबांसमोर जाऊन सरळ उभा राहिला.

"भय्यासाहेब, घट उठवण्याआधी सांगतो. अट मी हरलो आहे. घटाला भोक पडलेलं असणार. माझ्या प्रयोगात तर आता चाळण झाली आहे. तो भरलेला असणं शक्यच नाही."

"कोण म्हणतं?" भय्यासाहेब एकदम खवळले. ज्या धातूला त्यांनी जर्मन म्हणून नावं ठेवली, त्याच्या बाजूने ते असे उभे राहिले, की मीही बघत राहिले. "खामखा देवीच्या घटाला नावं ठेवू नका. नारळ काढा, गुरुजी. दिसू द्या यांना."

गुरुजींनी नारळ काढला, पानं काढली. घट काठोकाठ भरलेला.

माझ्या जिवात जीव आला. अक्काने हात जोडले. भय्यासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "काय प्रोफेसर?"

"हे शक्य नाही," प्रभाकर म्हणाला.

"समोर दिसून राहिलं आहे!"

"दिसतंय. पण शक्य नाही."

मी त्याचा सदरा मागून ओढला. त्याने मागे वळून "काय?" असं मोठ्याने विचारलं आणि मी काही म्हणायच्या आत पुढे होऊन दोन्ही हातांनी घट उचलला.

बुडातून धारा लागल्या. मातीवर, पाटावर, आणि भय्यासाहेबांच्या दसऱ्याच्या नव्या धोतरावर. प्रभाकरने घट उजेडाकडे धरला. पैसा टेकला होता तिथलं बूड नुसतं भोकाभोकांचं झालं होतं आणि त्यातून आमच्या अंगणातलं ऊन आरपार दिसत होतं. पाणी अजून निथळत होतं.

"खालच्या मातीने अडवलं तरी एवढ्या भोकांतून भरलेला घट काही तासांत रिकामा व्हायला हवा," प्रभाकर म्हणाला. "म्हणजे कुणीतरी पाणी घालतंय."

अक्काने पदर सावरला. "मी घातलं," ती म्हणाली. "घरात देवीचा घट रिकामा राहिला तर अशुभ. मी पहाटे दिव्यात तेल घालायला जात होते, तेव्हा घालत होते. तुमच्या अटीशी मला काय करायचंय!"

"आणि मी," मी म्हणाले. लपवून काय उपयोग होता! "सकाळी शाळेत जाताना आणि आरतीनंतर."

प्रकरण इथे संपलं असतं. दोन बायकांनी चोरून पाणी घातलं, अट मोडली, प्रोफेसर साताऱ्याच्या गाडीत. पण हा माणूस घट डोळ्यांसमोर धरून हिशेब करत होता. "नाही," तो म्हणाला. "एवढ्याने भागत नाही. सकाळनंतर घट दुपारीच रिकामा झाला असता. मधे ओल राहिली नसती तर रोपं अशी वाढली नसती. आणि आता दुपार टळली आहे, तरी घट काठोकाठ भरलेला आहे. दुपारी कोण घालतं?"

"दुपारी तर कुणी नसतं," अक्का म्हणाली. "मी पडलेली असते, जयू शाळेत. घरात फक्त..."

ती थांबली. मग सावकाश भय्यासाहेबांकडे वळली. "भय्या," ती म्हणाली, "ती चहाची पत्ती!"

भय्यासाहेब धोतर पिळत उभे होते. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"किटलीची चोच बारीक असते," ते म्हणाले. "पानांच्या फटीतून बरोबर जाते."

"चहाची किटली? देवघरात?" अक्का किंचाळली. "आणि तीही जर्मनची!"

मला हसू येत होतं. "पण भय्यासाहेब, अट तर तुमचीच होती," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघेनात. घटाच्या रोपांकडे बघत बोलू लागले. "पाचव्या माळेला जयूला पाहिलं. पदराखाली तांब्या घेऊन देवघरात जात होती. पहिले वाटलं, जोराने ओरडावं. मग तिचं तोंड दिसलं. तोवर मला वाटून राहिलं होतं, की पोरगी अजून घरात आहे, राहू दे, काय घाई आहे. ही दक्षिणी माणसं घेऊन जातील कुठल्या कुठे. म्हणून तर अट अशी घातली, की पूर्ण होऊ नये. पण तिला हे स्थळ हवं आहे काय, ते मी विचारलंच नव्हतं. बापाने कसं विचारायचं? हिची आई असती तर तिने विचारलं असतं. मला विचारता आलं नाही. पाणी घालता आलं."

अक्का डोळ्यांना पदर लावून उभी होती. किटलीचं ती विसरली होती, निदान तेवढ्यापुरतं.

"तरीही," प्रभाकर म्हणाला, "नियमाने अट मी हरलोच..."

"तुम्ही गप्प बसा!" मी ओरडले. गुरुजी दचकून पाटावरून सरकले.

"तिला ओरडू द्या, प्रोफेसर, तुम्हाला आता सवय करून घ्यावी लागेल," भय्यासाहेब म्हणाले. मग ते पुढे आले, माझ्यासमोर उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा असे सरळ, वर्तमानपत्राशिवाय. "अट-बिट सोड, जयू. चुकलं माझं. आता विचारतो. तुला हवा आहे काय हा माणूस?"

मला आयुष्यात शब्द कधी कमी पडले नाहीत. शाळेतल्या मुली सांगतील, वाचनालयवाले सांगतील, शेजारणी तर सांगतीलच. त्या वेळी माझ्याकडे एकच उरला होता.

"हवा," मी म्हणाले, आणि त्यांच्या ओल्या धोतराला धरून मोठ्याने रडले.